मतचोरीची बातमी तपासायची कशी: आधी कागद, मग चॅनेल

‘दोन्ही बाजूंची चॅनेलं बघा, सत्य मधे कुठेतरी सापडेल.’ हा सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी एकही आकडा तपासलेला नसतो. एक चॅनेल म्हणतं पाच लाख मतं वाढली, दुसरं म्हणतं एकही वाढलं नाही. मग अडीच लाख वाढली असं समजायचं का?

मी जिल्ह्याच्या एका दैनिकात निवडणुकीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली. घोटाळ्याचे दावे करणारे आणि ते उडवून लावणारे, दोघांचेही फोन मीच घेत असे. त्यातून जी पद्धत बसली ती इथे देतो. मोबाइल, कॅल्क्युलेटर आणि तासभर वेळ एवढं लागतं. ‘घाईने फॉरवर्ड करू नका’ वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

दावा एका ओळीत लिहा

कुठला मतदारसंघ, कुठलं केंद्र, किती मतं आणि नेमकं काय झालं, एवढं एका वाक्यात बसवा. बसत नसेल तर तो दावा तपासण्याजोगा नाही, सोडून द्या.

मग तो कशाबद्दल आहे ते ठरवा: मतदार यादी, प्रत्यक्ष मतदान की मोजणी? टीव्हीवरच्या चर्चेत या तिन्हींची खिचडी करतात. यादीत दुबार नावं असल्याचा आरोप झाला की प्रवक्ता ईव्हीएम हॅक होत नाही म्हणून सांगतो, आणि निवेदक ते उत्तर म्हणून स्वीकारतो. यादीचे कागद वेगळे: नाव घालायला फॉर्म ६, वगळायला ७, दुरुस्तीला आणि स्थलांतराला ८. मतदानाचा कागद म्हणजे फॉर्म १७सी, केंद्रावर एकूण किती मतं नोंदली गेली त्याचा हिशेब. मोजणीचा कागद फॉर्म २०.

कागद मिळवा

फॉर्म २० राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर मिळतो. प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते त्यात असतं. स्कॅन पुष्कळदा वाकडं असतं, पण वाचता येतं.

१७सी संकेतस्थळावर नसतो. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला, म्हणजे उमेदवाराच्या केंद्रावरच्या प्रतिनिधीला, त्याची प्रत द्यायची असते. म्हणजे ती तुमच्या गल्लीतल्याच कोणाकडे तरी असते. पक्ष कोणता हे बघू नका, ज्याने ती जपून ठेवली आहे त्याच्याकडे जा.

निम्मे दावे इथेच निकालात निघतात. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालानंतर धुळे ग्रामीणमधल्या अवधान गावात काँग्रेसच्या उमेदवाराला शून्य मतं पडल्याचा संदेश राज्यभर फिरला. केंद्रनिहाय आकडे निघाले तेव्हा तिथल्या चार केंद्रांवर त्याला २२७, २३४, २५२ आणि ३४४, म्हणजे एकूण १,०५७ मतं होती. तपासायला पाच मिनिटं लागली असती.

आता खरी मेख: झालेली मतं आणि मोजलेली मतं

इथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे, म्हणून इथे वेळ घालवणार.

एका निकालाच्या रात्री मी आमच्या मतदारसंघातल्या मोजलेल्या मतांतून झालेलं मतदान वजा केलं. अडीच हजारांच्या आसपास मतं जास्त आली. अंगावर काटा आला. मथळा मीच दिला: ‘वाढीव मतं आली कुठून?’ दुसऱ्या दिवशी निवडणूक कार्यालयातल्या एका कारकुनाने निकालाच्या तक्त्यावर बोट ठेवलं. ‘साहेब, टपाली मतांचा रकाना वाचता का तुम्ही?’ मतदानाचा आकडा यंत्रांचा होता आणि मोजणीच्या बेरजेत टपाल धरलेलं होतं. आमचा खुलासा सातव्या पानावर, निविदांच्या शेजारी छापला गेला. मथळा किती जणांनी वाचला आणि खुलासा किती जणांनी, ते विचारू नका.

तेव्हापासून मी वजाबाकी करण्याआधी चार गोष्टी बघतो. एकही टाळू नका.

टपाल पहिलं, कारण सगळे तिथेच घसरतात. महाराष्ट्राच्याच २०२४ च्या विधानसभा निकालाचं उदाहरण घ्या. झालेलं मतदान ६,४०,८८,१९५ आणि मोजलेली मतं ६,४५,९२,५०८, म्हणजे ५,०४,३१३ मतं जास्त, अशी बातमी एका वृत्तसंस्थळाने दिली. वजाबाकी बरोबर होती. पण पहिला आकडा फक्त ईव्हीएमचा होता. निवडणूक आयोगाने टपाली मतं ५,३८,२२५ असल्याचं सांगितलं. ती मिळवली की एकूण ६,४६,२६,४२० होतात. म्हणजे मोजलेली मतं जास्त नव्हती, उलट ३३,९१२ कमी होती. बातमीची दिशाच फिरली. आणि गंमत बघा, ‘पाच लाख वाढली’ म्हणणारे टपाल कळल्यावर गप्प झाले, आणि ‘सगळं चोख आहे’ म्हणणाऱ्यांनी हे तेहतीस हजार कशाचे, हे विचारलंच नाही.

मोजलेली मतं कमी का भरतात, ही दुसरी गोष्ट. मतदानाआधी यंत्रावर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान घेतात, किमान ५० मतांचं. ती मतं पुसून मग खरं मतदान सुरू करायचं असतं. पहाटेच्या घाईत केंद्राध्यक्ष कधीकधी ते विसरतो. असं यंत्र, किंवा ज्याचा आकडा १७सीशी जुळत नाही असं यंत्र, मोजणीच्या वेळी बाजूला ठेवतात. २०२४ च्या निवडणुकांत विजयी मताधिक्य त्या यंत्रांतल्या मतांपेक्षा मोठं असेल तर त्यांची मोजणी करतच नसत. कमी असेल तर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्राशेजारी छापल्या जाणाऱ्या, चिठ्ठ्या मोजत. तेव्हा कमी भरलेली मतं दिसली की ‘कोणती केंद्रं बाजूला ठेवली आणि का’ हे विचारा. हा प्रश्न केंद्राच्या क्रमांकासह विचारला तर उत्तर मिळतं. ‘मतं गायब’ असं ओरडलात तर मिळत नाही.

तिसरं, नोटा, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’ला पडलेली मतं. फॉर्म २० मध्ये वैध मतांची बेरीज वेगळी आणि नोटा वेगळा असतो. तो रकाना सुटला की पुन्हा खोटा घोटाळा तयार. मला यात एकदा केवळ नशिबाने वाचवलं, त्याबद्दल अधिक सांगत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात चिवट: वेळ. संध्याकाळी पाचचा टक्का हा केंद्रांवरून फोनने, ॲपवरून कळवलेला अंदाज असतो. अंतिम टक्का १७सीवरून येतो. महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ ला पाच वाजता ५८.२२ टक्के होते, अंतिम आकडा ६६.०५ झाला. ९ कोटी ७० लाख मतदारांवर हा फरक सुमारे ७६ लाख मतांचा. ऐकायला भयंकर. आता तो केंद्रांवर वाटा. राज्यात एक लाखाहून अधिक केंद्रं होती, म्हणजे केंद्रामागे सरासरी ७५ च्या आसपास मतं. मतदान बहुतेक ठिकाणी सहापर्यंत होतं, आणि सहाला रांगेत असलेल्यांना रांगेच्या शेवटाकडून चिठ्ठ्या वाटून मत देऊ देतात.

इथे दोन्ही बाजूंचे लोक मला ओढायला बघतात, म्हणून स्पष्ट लिहितो. या भागाकाराने एवढंच कळतं की इतकं मतदान होणं अशक्य नाही. ते तसंच झालं हे त्याने सिद्ध होत नाही. त्यासाठी १७सींची बेरीज लागते. आणि आकडे वेळेत न देण्याची सवय आयोगाला नडते, हेही खरं. २०२४ च्या लोकसभेत पहिला टप्पा १९ एप्रिलला झाला आणि अंतिम टक्केवारी ३० एप्रिलला आली. मतदारसंघनिहाय मतांचे नुसते आकडे जाहीर व्हायला २५ मे उजाडला. अकरा दिवस रिकामे ठेवले की अफवा तिथे बिऱ्हाड करणारच.

हे चारही बघून झाल्यावर एखाद्या केंद्राचा सही असलेला १७सी आणि फॉर्म २० यांत फरक उरला, त्या केंद्राचं यंत्र बाजूला ठेवल्याची नोंदही नसली, तर हाती खरी बातमी आहे. पंधरा मतांचा फरकसुद्धा. मताधिक्य किती होतं ते शेजारी लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला वजन कळेल.

आणि आपल्या बाजूचा अभ्यासक म्हणतो म्हणून हा टप्पा गाळू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये एका नामांकित संशोधन संस्थेच्या अभ्यासकाने रामटेक आणि देवळालीतले मतदार लोकसभा ते विधानसभा या काळात एक तृतीयांशाहून अधिक घटल्याचं लिहिलं. दोन दिवसांत मजकूर काढून माफी मागितली, तक्त्यातल्या ओळी चुकीच्या वाचल्या गेल्या होत्या. त्यावर काही वाहिन्यांनी सगळेच आरोप खोटे ठरवून टाकले. काही मतदारसंघांची चूक तेवढ्याच मतदारसंघांपुरती असते.

आता बातमी वाचा, क्रियापद पकडा

कागद हातात आला की कल आपोआप दिसायला लागतो. एकाच घटनेच्या दोन बातम्या घ्या आणि क्रियापदांखाली रेघ मारा.

कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात ६,०१८ नावं वगळण्यासाठी ऑनलाइन अर्ज आले होते. पडताळणीत २४ खरे निघाले, ५,९९४ फेटाळले गेले, आणि २०२३ मध्येच गुन्हा नोंदला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये हा विषय पेटला तेव्हा कुणी ‘सहा हजार मतं वगळली’ असं सांगितलं, तर कुणी ‘आयोगाने आरोप फेटाळला’ असं. ती २४ सोडली तर नावं वगळली गेली नव्हती. पण इतकी नावं वगळण्याचा प्रयत्न कोणी, कुठून केला, हा प्रश्न पुरता जिवंत होता. दोन्ही मथळ्यांनी तो खाल्ला.

‘फेटाळला’ या क्रियापदावर माझा विशेष राग आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याने तो फेटाळला, यात तपासणी कुठली? त्या मजकुरात एखादा केंद्र क्रमांक, फॉर्म किंवा आकडा दिला आहे का ते बघा. नसेल तर ते उत्तर नव्हे, पोचपावती. ‘खळबळजनक खुलासा’ या शब्दांनाही तोच नियम लावा.

तांत्रिक शब्द आला की दुप्पट सावध व्हा. जून २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. मोजणी केंद्रात विजयी उमेदवाराच्या एका नातेवाइकाने मोबाइल वापरल्याचा गुन्हा दाखल झाला, आणि एका इंग्रजी वृत्तपत्राने त्या मोबाइलवरच्या ओटीपीने ईव्हीएम उघडलं अशी बातमी दिली. ओटीपी हा मोजणीचे आकडे संगणकावर भरण्याच्या प्रणालीत शिरण्यासाठी असतो, ईव्हीएम कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं. वृत्तपत्राने नंतर चूक कबूल केली. पण मोबाइल आत गेला कसा, हा साधा आणि खरा प्रश्न त्या ओटीपीखाली चिरडला गेला.

खरा घोटाळा कसा दिसतो ते एकदा बघून ठेवा. ३० जानेवारी २०२४ ची चंदीगड महापौर निवडणूक. कागदी मतपत्रिका, बाद ठरवलेली आठ मतं, आणि त्यांवर खुणा करताना कॅमेऱ्यात पकडला गेलेला पीठासीन अधिकारी. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. जागा, वेळ, माणूस, आकडा, चारही गोष्टी होत्या.

दावा कुठवर गेला ते बघा

निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करावी लागते. उमेदवाराला करता येते, मतदारालाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार सात दिवसांत अर्ज करून, खर्च भरून, दर विधानसभा क्षेत्रातली पाच टक्के यंत्रं तपासून घेऊ शकतो. दावा करणाऱ्याने यातलं काय केलं? रोज कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्याला हे विचारायलाच हवं.

पण याचिका नाही म्हणून आरोप खोटा, असंही लिहू नका. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलून सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी सर्वसामान्यांना बघण्यावर बंधन आलं. मे २०२५ मध्ये आयोगाने चित्रीकरण ४५ दिवसच जपण्याचं ठरवलं, त्या मुदतीत याचिका आली नाही तर ते नष्ट करता येतं. पुरावा एकाच्या कपाटात आणि सिद्ध करायची जबाबदारी दुसऱ्यावर, ही अडचण खरी आहे. बातमीत हे दोन नियम नसतील तर ती बातमी अर्धी समजा.

उरलेलं सोपं. तुमचा निष्कर्ष, कागदाचा फोटो आणि केंद्र क्रमांक एकत्र ठेवा. फॉर्म २० ची फाइल दिसेल त्या दिवशी उतरवून घ्या. आणि पुढच्या मतदानाच्या संध्याकाळी पोलिंग एजंट चहाला टेकला की लगेच १७सीचा फोटो मागा, कारण दुसऱ्या दिवशी तो कागद खिशासकट धुवायला गेलेला असतो.