शांतक्लेर कोंबड्या पाळताना या चुका टाळा: थंडीपेक्षा ओल वाईट

पहिल्या हिवाळ्यात मी खुराडं असं बंद केलं होतं की आत वाऱ्याची झुळूकसुद्धा शिरू नये. फटींत फोम कोंबला, खिडकीवर प्लास्टिक ठोकलं, छताखालच्या झरोक्यांत पोती भरली. जानेवारीतल्या एका पहाटे बाहेर उणे 27 होतं. दार उघडलं तर आतल्या प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर बर्फाची पांढरी टिकली, खिडकीची काच आतून गोठून आंधळी झालेली, आणि डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास. कोंबडा मान आखडून दांडीवर बसला होता. गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीची कड राखाडी पडली होती. दोन कोंबड्यांच्या छातीत घरघर ऐकू येत होती.

ही गोष्ट शांतक्लेरच्या बाबतीत घडली, याचं मला जास्त वाईट वाटलं. ही जात कॅनडाच्या हिवाळ्यासाठीच घडवलेली. क्वेबेकमधल्या ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रिड शातेलँ यांनी 1908 मध्ये काम सुरू केलं. कॉर्निश, लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, वायनडॉट आणि प्लिमथ रॉक यांच्या संकरातून त्यांनी असा पांढरा पक्षी काढला की ज्याचा तुरा उशीसारखा चपटा, डोक्याला चिकटलेला, गळ्याखालची कातडी नावापुरती, अंगाने भरलेला आणि थंडीत अंडी देणारा. 1921 मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने जातीला मान्यता दिली. 1979 च्या सुमाराला ती संपली असं समजलं जात होतं, पण छोट्या शेतांवर काही कळप टिकून होते. 1999 मध्ये क्वेबेकने कायदा करून कॅनेडियन घोडा आणि कॅनेडियन गाय यांच्याबरोबर या कोंबडीलाही आपल्या शेतीचा वारसा ठरवलं. अशा पक्ष्याला थंडी बाधते ती बहुतेक वेळा आपल्याच चुकीमुळे.

खुराडं हवाबंद करणं

ही सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत जास्त मायेपोटी होणारी चूक. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं आणि कोरडी पिसं फुलवून ती ही ऊब अंगाशी धरून ठेवते. पण दिवसभरात पाव लिटरच्या आसपास प्यायलेलं पाणी श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर येतं. दहा कोंबड्या असतील तर अडीच लिटर पाण्याची ओल रोज त्या छोट्या जागेत साठते. बाहेर पडायला वाट नसेल तर ती भिंतीवर, पिसांवर, तुऱ्यावर बसते. ओलं पीस ऊब धरत नाही आणि ओली कातडी आधी गोठते.

वाट छताजवळ हवी. गरम दमट हवा वर चढते, म्हणून झरोके दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या बरेच वर असावेत आणि भर हिवाळ्यातही उघडे राहावेत. ढोबळ हिशेब कोंबडीमागे एक चौरस फूट उघडी जागा. खाली, दांडीच्या उंचीला मात्र वारा अजिबात लागू देऊ नये. झुळूक अंगावरून गेली की फुललेल्या पिसांतली ऊब निघून जाते. वरून हवा खेळती, खालून आडोसा, इतकं साधलं की काम झालं.

तपासायला उपकरण लागत नाही. पहाटे काचेला आतून बर्फ धरलाय का ते बघा. मग गुडघ्यावर बसून, कोंबडीच्या नाकाच्या उंचीला, श्वास घ्या. उभं राहून वास येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, अमोनिया विष्ठेतून उठतो आणि कोंबड्या आपल्यापेक्षा त्याच्या फार जवळ झोपतात. आपल्या नाकाला तो कळेपर्यंत त्यांच्या श्वासनलिकेला त्रास सुरू झालेला असतो. अंथरलेल्या भुशाची मूठ दाबून बघा. गोळा झाला तर ओल जास्त आहे, सुट्टा राहिला तर ठीक.

हिमदंश झालाच तर चोळू नका, हेअर ड्रायर लावू नका. पक्ष्याला कोरड्या, किंचित उबदार जागी ठेवा. काळी पडलेली कड ओढून काढायची नाही, तिच्या आड नवी कातडी तयार होते आणि ती आपोआप गळते. सूज वाढली, पू दिसला किंवा पक्षी खायचा थांबला तर पशुवैद्य गाठा.

दिवा लावून ऊब देणं

उष्णता देणारे लाल दिवे खुराड्यात टांगू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगते. वाळलेला भुसा, धूळ, पिसं आणि फडफडणारे पंख यांच्यामध्ये 250 वॉटचा तापलेला दिवा म्हणजे आगीला आमंत्रण. दुसरं, कोंबड्यांचं अंग त्या उबेला सरावतं आणि वादळात वीज गेली की एका रात्रीत त्यांना पंचवीस-तीस अंशांचा फरक सोसावा लागतो. पिसं पूर्ण फुटलेल्या, निरोगी शांतक्लेरला कोरडी जागा आणि पोटभर दाणा पुरतो. पिल्लांची आणि आजारी पक्ष्यांची गोष्ट वेगळी.

ऊब टिकवायची असेल तर दांडीकडे लक्ष द्या. गोल बारीक काठीवर बोटं बाहेर राहतात. साधारण नऊ सेंटिमीटर रुंदीची फळी, रुंद बाजू वर करून बसवली तर कोंबडी पाय पोटाखाली झाकून बसते. उंची मात्र कमी ठेवा, गुडघ्याच्या आसपास. कोंबडी तीन किलोच्या जवळ, कोंबडा चार किलोच्या जवळ. उंचावरून गोठलेल्या जमिनीवर रोज उडी मारली की तळपायाला जखम होते, तीत जंतू शिरून गाठ धरते आणि मधोमध काळी खपली दिसते. लंगडणाऱ्या पक्ष्याचा तळवा आधी उलटा करून बघायची सवय लावा.

पाणी

अंडी अचानक थांबली की लोक औषध शोधतात. आधी पाण्याचं भांडं बघा. दुपारी ते गोठलेलं असतं आणि कोंबडी तहानलेली राहिली की दाणाही कमी खाते. काळ्या रबरी टोपल्यात दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाणी द्या, बर्फ झाला की टोपलं उलटं करून आपटलं की निघतो. पण उघड्या टोपल्यात कोंबड्याची गळ्याखालची कातडी बुडते आणि ओली कातडी गोठते. माझ्या कोंबड्याचा हिमदंश अर्धा ओलीने आणि अर्धा त्या टोपल्याने झाला होता. आता मी अरुंद कड्याचं, खालून तापणारं भांडं वापरते आणि ते खुराड्याबाहेर, आडोशाला ठेवते.

मका जास्त देणं

थंडीत मका म्हणजे ऊब, असा समज आहे. संध्याकाळी मूठभर मका दिला तर बिघडत नाही, पण एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. शांतक्लेर मांसासाठीही घडवलेली असल्याने चरबी पटकन धरते. चरबीने लदलेली कोंबडी अंडी कमी देते, कधी अंडं अडकतं, यकृत खराब होतं. महिन्यातून एकदा हातात उचलून छातीचं हाड चाचपा. हाड कळलं पाहिजे, पण धारदार लागू नये.

मुख्य खाद्यात 16 टक्के प्रथिनं पुरतात, शरद ऋतूत पिसं झडतात तेव्हा 18 ते 20 टक्क्यांचं द्या, कारण पीस जवळजवळ पूर्ण प्रथिनांचंच असतं. कोंबडा आणि पिल्लं त्याच कळपात असतील तर अंड्यांसाठीचं कॅल्शियम भरलेलं खाद्य सगळ्यांना देऊ नका, त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. साधं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. ज्या कोंबडीला लागेल ती खाईल.

अंड्यांची आणि मांसाची घाई

मार्च-एप्रिलमध्ये उबवलेली पिल्लं साधारण थंडी पडायच्या सुमाराला अंड्यावर येतात आणि हिवाळाभर देतात. जूनच्या अखेरीच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, बऱ्याचदा वसंत ऋतूपर्यंत थांबतात. डिसेंबरात मॉन्ट्रियलला जेमतेम पावणेनऊ तास उजेड असतो. कमी पॉवरचा साधा दिवा पहाटे लावून दिवस चौदा तासांचा केला तर फरक पडतो. संध्याकाळी नको, तो बंद होताच कोंबड्या अंधारात दांडी चुकून जमिनीवर बसतात.

मांसाला सोळा आठवड्यांपेक्षा कमी वेळ देऊ नका. बाजारी ब्रॉयलरच्या मोजमापाने बघितलं तर निराशाच होईल.

पांढरी दिसली म्हणून घेणं

मी सुरुवातीला एका हॅचरीतून पिल्लं आणली. मोठी झाल्यावर निम्म्यांना उभा, करवतीसारखा तुरा आला. थंडीसाठी घडवलेल्या जातीत अगदी तोच गुण हरवलेला. घेण्याआधी आईबाप बघा, निदान त्यांचे डोक्याचे फोटो मागा. पिल्लं काढायची असतील तर अंगाने सगळ्यांत भरदार कोंबडा निवडताना त्याचा तुराही बघा. जात टिकवायची म्हणजे दर पिढीला हीच निवड करायची. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा ठेवा, नाहीतर कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडतात आणि उघड्या पाठीला थंडी बाधते.

कोंडून ठेवणं, आणि उन्हाळा विसरणं

शांतक्लेरला कोंडलेलं सोसत नाही. बर्फात पाय टाकायला तयार नसतील तर वाटेवर पेंढा पसरा, त्या बाहेर येतात. आठवडाभर आतच राहिल्या की एकमेकींची पिसं उपटायला लागतात. कोरडी माती, वाळू आणि थोडी लाकडाची राख भरलेली खोल पेटी आत ठेवा. धुळीत लोळणं हे त्यांचं अंघोळ करणं आहे आणि हिवाळ्यात ते फार गरजेचं, कारण कोंबडीच्या अंगावरच राहणारा माइट नावाचा एक बारीक, रक्त पिणारा किडा थंडीतच फोफावतो. दर पंधरा दिवसांनी शेपटीखालची पिसं बाजूला करून बघा. तिथली पिसं काळपट, मळलेली दिसली तर उशीर करू नका.

आणि जुलैत, 30 च्या वर पारा गेला की, याच पक्ष्यांकडे पहिल्यांदा धावा. कोंबडी अंगातली उष्णता तुऱ्यातून आणि गळ्याखालच्या कातडीतून बाहेर टाकते. शांतक्लेरला ते दोन्ही इवलेसेच दिले आहेत. पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी ठेवून धापा टाकताना दिसली तर सावली, थंड पाणी आणि ओली केलेली जमीन लगेच द्या. ती निपचित पडायला लागली तर तिचे पाय गार पाण्यात धरा.