कारखान्याच्या छताचा कंत्राटदार निवडताना या चुका टाळा

शेड गळायला लागली की मला बोलावणं येतं. कारखाने आणि गोदामांची छतं बघणं, दुरुस्त करून घेणं हेच माझं काम, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. पत्र्यावर सापडणाऱ्या बहुतेक दोषांचं मूळ कंत्राटदार ठरवला त्या दिवसात असतं. तीन कोटेशनं मागवली, शेवटच्या ओळीतला आकडा पाहिला, सगळ्यात कमी असलेल्याला काम दिलं. ती तीन कोटेशनं तीन वेगवेगळ्या कामांची होती हे कोणी वाचलंच नाही. म्हणून त्याच त्या चुका एकदा सविस्तर लिहून काढतो आहे.

वर न चढलेल्या माणसाचं कोटेशन घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. कंत्राटदार येतो, शेडमध्ये उभा राहून मान वर करतो, मोबाइलवर दोन फोटो काढतो आणि संध्याकाळी कोटेशन पाठवतो. मालकाला वाटतं, माणूस कामाला तत्पर आहे.

एका कारखान्यात मशिनांच्या एका रांगेवर पाणी टपकत होतं. पहिल्या कंत्राटदाराने खालूनच सांगितलं, वॉशर गेलेत. त्याने त्या पट्ट्यातले सगळे स्क्रू बदलले. टपकणं सुरूच राहिलं. दुसऱ्याने पत्र्यांच्या सगळ्या जोडांवर सिलिकॉन फासलं. तरीही सुरूच. तिसऱ्याने अख्खं छत बदलायचं कोटेशन दिलं, आणि त्यावर सही व्हायच्या आधी मला बोलावलं गेलं.

मी आधी रात्रपाळीच्या सुपरवायझरला गाठलं. ‘पाणी नक्की कधी पडतं?’ तो म्हणाला, ‘साहेब, पहाटे. पाऊस असो वा नसो.’ तिघांपैकी एकानेही त्याला हे विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे शिडी लावून टॉर्चने पत्र्याची खालची बाजू पाहिली. थेंब ओळीने लटकत होते, पर्लिनजवळ, म्हणजे पत्रा ज्या आडव्या पट्ट्यांवर टेकतो त्यांच्याजवळ, जास्त. दुपारी तोच पत्रा कोरडा ठणठणीत. काही महिन्यांपूर्वी गरम पाण्याची धुण्याची टाकी त्या भागात हलवली होती आणि पक्षी आत येतात म्हणून वरचे रिज व्हेंट, म्हणजे छताच्या माथ्यावरचे हवा जाण्याचे झरोके, बंद केले होते. टाकीची वाफ रात्री गार पडलेल्या पत्र्याला लागून पाणी होत होती. छत गळतच नव्हतं.

टाकीवर हूड बसवून वाफ बाहेर सोडली, रिज व्हेंट जाळी लावून उघडले, आणि त्या भागात पत्र्याखाली इन्सुलेशन घालून त्याच्या उबदार, म्हणजे खालच्या बाजूला वाफ अडवणारा थर दिला. टपकणं थांबलं. पण पुढच्या पावसात तिथे खरी गळती सुरू झाली. पहिल्या कंत्राटदाराच्या माणसांनी नवे स्क्रू इतके आवळले होते की रबर वॉशर चिरडून बाहेर आले होते, आणि काही जुनी भोकं तशीच उघडी राहिली होती. चुकीच्या निदानाने धड छताचं गळकं छत केलं.

तेव्हापासून माझा शिरस्ता ठरलेला आहे. भेटीच्या दिवशी शिडी मी तयार ठेवतो आणि बघत राहतो. माणूस वर किती वेळ होता? पत्र्यावर चालताना पाय स्क्रूच्या ओळीवर, म्हणजे खाली पर्लिन आहे तिथे ठेवत होता का? उतरल्यावर आतून पाहिलं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याने प्रश्न विचारले का? पाणी पावसाबरोबर येतं की पाऊस थांबल्यावर? एकाच दिशेचा वारा असला की येतं का? फक्त जोराच्या सरीत येतं का? वाऱ्याबरोबर येणारं पाणी बहुधा फ्लॅशिंगमधून, म्हणजे कडा आणि भिंतीजवळचा सांधा झाकणाऱ्या पट्टीतून, किंवा आडव्या जोडातून शिरतं, जोराच्या सरीत येणारं पन्हळ ओसंडून. शिवाय पाणी जिथे पडतं, त्याच्या बरोब्बर वर भोक असेलच असं नाही. ते पत्र्याच्या खालून उताराने वाहत येतं आणि पर्लिनला अडलं की पडतं, म्हणून शोध चढाच्या बाजूला घ्यायचा. हे माहीत असलेला कंत्राटदार दोन दिवस उशिरा कोटेशन देतो. द्यावं. तेवढाही धीर ज्यांना नसतो, ते पुढची दोन वर्षं मशिनांखाली बादल्या ठेवतात.

‘०.५० चा पत्रा’ एवढंच लिहिलेलं कोटेशन चालवून घेणं

०.५० मिमी ही कशाची जाडी? नुसत्या पोलादाची, की लेप आणि रंग धरून? हे लिहून घेतलं नाही तर कंत्राटदार त्याला सोयीचा अर्थ घेणार, आणि त्याला खोटं बोललास असंही म्हणता येणार नाही.

हिशेब साधा आहे. छताच्या पत्र्यावर बऱ्याचदा असणारा अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा लेप म्हणजे वजनाने साधारण ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन. ‘१५० ग्रॅम’ म्हणतात तेव्हा दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम, आणि त्याची एकूण जाडी ०.०४ मिमीच्या आसपास भरते. दोन्ही बाजूंचा रंग आणखी ०.०३ धरा. म्हणजे सगळं मिळून ०.५० असलेल्या पत्र्यात पोलाद ०.४३ च उरतं. निव्वळ ०.५० पोलादाच्या तुलनेत हे १४ टक्क्यांनी कमी. एकाने निव्वळ ०.५० पोलादाचा भाव दिला, दुसऱ्याने सगळं मिळून ०.५० चा, आणि तुम्ही म्हणालात, दुसरा स्वस्त आहे.

मायक्रोमीटर लावला तर तो रंगासकट जाडी दाखवतो, म्हणून मी त्यावर थांबत नाही. पत्रे साइटवर उतरले की दहा पत्रे वजनकाट्यावर ठेवायला लावतो. १ मिमी जाडीच्या पोलादाचं वजन दर चौरस मीटरला ७.८५ किलो. पत्रा ज्या कॉइलमधून, म्हणजे सपाट पत्र्याच्या गुंडाळीतून, काढला तिची रुंदी धरायची, घडी घातल्यानंतरची रुंदी धरायची नाही. १२२० मिमी रुंद कॉइलमधला ३ मीटरचा पत्रा म्हणजे ३.६६ चौरस मीटर. ०.५० आणि ०.४३ पोलादात दर पत्र्याला सुमारे २ किलोचा फरक पडतो, दहा पत्र्यांत २० किलो. काट्यावर तो लपत नाही. मी हे करणार आहे असं मी कोटेशन मागतानाच सांगतो. त्यानंतर काही जण कोटेशन सुधारून पाठवतात.

याच ओळीत स्क्रूंबद्दलही विचारा. वारा पत्र्याला वर खेचतो, ती उचल छतावर सगळीकडे सारखी नसते. कोपऱ्यांत ती सगळ्यात जास्त, कडांना त्याहून कमी, मधल्या भागात सर्वांत कमी. त्यामुळे कोपऱ्यांत आणि कडांना स्क्रू दाट लागतात. ‘संपूर्ण छताला अमुक अंतरावर स्क्रू’ असं एकच वाक्य लिहिलेलं असेल, तर पत्रा बनवणाऱ्याचा भाराचा तक्ता त्याने उघडलेला नाही, असं मी धरून चालतो.

लांब पत्र्यांसाठी आणखी एक प्रश्न. ३० मीटर लांब पोलादी पत्र्याचं तापमान ५० अंशांनी बदललं, तर तो १८ मिमी लांबतो-आखडतो. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्याच्या दुप्पट. ‘ही हालचाल कुठे जाणार?’ असं विचारलं की जाणकार माणूस सरकत्या क्लिपा (पत्र्याला धरून ठेवूनही सरकू देणाऱ्या), मधले जोड, पत्र्याची लांबी यांवर बोलायला लागतो. बाकीचे म्हणतात, आम्ही वर्षानुवर्षं असंच ठोकतो. ते ठोकतात, आणि काही उन्हाळे-हिवाळे गेले की स्क्रूभोवतीची भोकं लांबट होतात.

गॅरंटी नुसती ऐकून समाधान मानणं

पत्र्याच्या कंपनीची गॅरंटी लेप आणि रंगाची असते. जोडातून पाणी आलं तर त्या कागदाचा उपयोग नाही. गळतीची जबाबदारी कंत्राटदाराची, आणि ती वेगळी लिहून घ्यावी लागते: किती वर्षं, कळवल्यावर किती दिवसांत येणार, छतावर नंतर दुसऱ्या कोणी पाइप किंवा पॅनेल बसवलं तर काय. तुमच्या प्रक्रियेतून आम्लाची वाफ निघत असेल किंवा समुद्र जवळ असेल, तर ते कंपनीला लेखी कळवून गॅरंटी लागू आहे का हेही लेखीच घ्या.

मागच्या महिन्यातलं काम बघून हुरळणं

नवं छत सगळ्यांचंच चकाकतं. मी पाच वर्षांपूर्वीचं काम दाखवायला सांगतो, आणि जमल्यास पाऊस चालू असताना बघायला जातो. तिथल्या देखभालीच्या माणसाशी एकट्याने बोलतो. एक प्रश्न हमखास विचारतो: काम ज्या टोळीने केलं, ती याची स्वतःची होती की बाहेरून आणलेली? कोटेशन देणारा एक आणि पत्रा चढवणारे तिसरेच असं फार वेळा घडतं. माझ्या कामावर येणाऱ्या फोरमनचं नाव करारात असतं.

जीव धोक्यात घालणाऱ्याला स्वस्त म्हणून नेमणं

यावर मी तडजोड करत नाही. जुनी प्लास्टिकची उजेडाची शीट आणि सिमेंटचे पत्रे पायाखाली फुटतात. वरून धूळ बसली की उजेडाची शीट कुठली आणि पत्रा कुठला हेही ओळखू येत नाही, आणि माणूस सरळ आत कोसळतो. लाइफलाइन (अडकवायचा सुरक्षा दोर), हार्नेस (अंगावरचा पट्टा), खाली जाळी, चालायला फळ्या हे सगळं कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दिसलं पाहिजे. ती ओळ नसते म्हणूनच आकडा कमी असतो. एका हाताने पर्लिन धरून बसलेला घाबरलेला माणूस स्क्रूही सरळ मारू शकत नाही, त्यामुळे काम आणि सुरक्षा वेगळं करता येत नाही. कामगारांचा विमा चालू आहे का, हे कागद हातात घेऊन बघा.

जुने पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असण्याची शंका असेल तर आधी तपासणी. ‘फोडून खाली टाकतो’ म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा. ते तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि आजार दिसायला कित्येक वर्षं लागतात.

आणखी काही, थोडक्यात

पत्रा साइटवर कशाने कापणार ते विचारा. ग्राइंडर म्हणाला तर नको. कडेचा लेप जळतो, आणि ठिणग्यांचे लोखंडी कण रंगात रुतून काही दिवसांत गंजाचे ठिपके उमटतात. निब्लर (ठिणग्या न उडवता पत्रा कुरतडून कापणारं हत्यार) किंवा कात्री हवी, आणि स्क्रू मारताना पडलेला कीस रोज संध्याकाळी झाडलाच पाहिजे.

‘सिलिकॉन मारून देतो’ हे ज्याचं प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, त्याला मी दुसऱ्यांदा बोलावत नाही. जोड मुळात पुरेशा ओव्हरलॅपने आणि आत ब्युटाइल पट्टी (चिकट रबरी पट्टी) घालून बंद व्हायला हवा.

पन्हळीचा हिशेब कागदावर मागा. १००० चौरस मीटर छतावर ताशी १०० मिमी पाऊस पडला तर सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी येतं. दोन शेड जोडून मधल्या पन्हळीला जुनाच उतरता पाइप ठेवणारे कंत्राटदार मी पाहिले आहेत, आणि त्या पन्हळीखाली ठेवलेला भिजलेला मालही.

छतावर पुढे सोलर बसवायचं मनात असेल तर आजच सांगा. ट्रस (छत पेलणाऱ्या कैच्या) आणि पर्लिन किती भार पेलू शकतात ते छत चढल्यावर सहज बदलता येत नाही.

पाऊस तोंडावर आल्यावर कंत्राटदार शोधायला निघू नका. त्या दिवसांत जो मोकळा असतो, तो का मोकळा आहे हा प्रश्न घाईत कोणी विचारत नाही. काम सुरू झाल्यावर मात्र एक अट कडक ठेवा: संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढंच छत सकाळी उघडायचं.

पैशांबाबत माझी सवय अशी आहे. आगाऊ रक्कम फक्त माल मागवण्यापुरती, पुढचे हप्ते मोजलेल्या कामावर, आणि शेवटचा हिस्सा पहिल्या मोठ्या पावसानंतर. तारखेवर कधीच नाही. पाऊस लांब असेल तर पाइपने पाणी मारून चाचणी घेतो. खालच्या कडेपासून सुरुवात करून एकेक जोड ओला करत वर जायचं आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा करायचा. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि पाणी नक्की कुठून शिरलं ते सापडत नाही. चाचणी पूर्ण झाली की कॉइलचे नंबर, स्क्रूचा प्रकार आणि उरलेले चार-पाच पत्रे ताब्यात घेतो. तेवढं झालं की शेवटच्या बिलावर सही करतो.