पाण्यातल्या होडीवर ताडपत्री: या चुका टाळा

पैठणचा नाथसागर असो, येलदरी असो की माजलगावचं धरण, काठाला होड्या वर्षभर पाण्यातच बांधलेल्या असतात आणि त्यांच्यावर एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. मोंढ्यातून ताडपत्री आणायची, होडीच्या काठांवर सपाट ताणायची, चार कोपरे आवळायचे, झालं काम. एप्रिलभर ती ढोलासारखी ताठ राहते, त्यामुळे चूक कळतच नाही.

मग अवकाळी येते. पहिल्या सरीत मधोमध हलका झोळ पडतो. उन्हानं तापलेली ताडपत्री वजनानं ताणली जाते आणि झोळ वाढतो. ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि सरासरी ४ इंच खोल झोळात जवळपास १७० लिटर पाणी मावतं, म्हणजे ५० किलोची साडेतीन पोती. वाऱ्यानं होडी हलली की हे पाणी एका अंगाला धावतं, होडी तिकडे कलते, आणि कलली की उरलेलंही तिकडेच जातं. ताडपत्रीच्या कडेच्या रिंगा उपटतात, झोळ आत फुटतो, खाली गेलेल्या काठावरून लाटा आत शिरतात. सकाळी दोरी खुंट्यापासून सरळ पाण्यात उतरलेली, आणि इंजिन तळाला. दोष ताडपत्रीवर जातो. पुढच्या वर्षी जाड ताडपत्री येते, तीही सपाटच बांधतात. जाडीनं झोळ थांबत नाही, उतारानं थांबतो.

म्हणून आधी आढं, म्हणजे मधोमध उंचावर लांबीनं आडवा वेळू, मग ताडपत्री. ५ फूट रुंद होडीला काठापासून २ फूट उंच आढं हवं. दीड-दोन इंच जाडीचा वेळू पुढच्या टोकापासून मागेपर्यंत, त्याखाली पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन कैच्या. कैचीचे पाय बसायच्या फळ्यांना घट्ट बांधा. नुसते टेकवलेले पाय पहिल्याच वाऱ्यात सरकतात. वेळूची पेरं तासून घ्या आणि वर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. ताडपत्री फाटते ती बहुतेक अशा टोचणाऱ्या जागीच.

झोळ पडलेलाच असेल तर घाई नको. सुरीनं भोक पाडलं तर सगळं पाणी होडीत. आतून ढकललं तर तेच वजन दुसऱ्या बाजूला आदळतं. होडीच्या कललेल्या काठावर पाय न देता, धरणाच्या काठावरून किंवा दुसऱ्या होडीतून बादलीनं उपसा. अर्ध्याहून जास्त पाणी गेल्यावरच दोरी सैल करा.

माप आढं बसवल्यावर घ्यायचं, आधी नाही. टेप होडीच्या एका काठावरून आढ्यावरून दुसऱ्या काठापर्यंत, आणि दोन्हीकडे फूटभर जास्त. १४ बाय ५ च्या होडीला हे साधारण १६ बाय साडेआठ येतं. बाजारात १८ बाय १२ ची तयार मिळते म्हणून तीच टाकतात आणि उरलेली कड पाण्यात लोंबते. तिला शेवाळ धरतं, लाटा तिला खेचतात. जास्तीची कड दुकानातच कापून, दुमडून, दीड-दीड फुटावर नव्या रिंगा मारून घ्या. १०० रुपये वाचवायला ही पायरी गाळू नये.

ताडपत्रीची दोरी काठावरच्या खुंट्याला बांधणं तर धरणावर फारच महागात पडतं. नाथसागरात पैठणला थेंब न पडता नाशिककडच्या विसर्गानं पाणी चढतं, उन्हाळ्यात ते दूर सरकतं. होडी पाण्याबरोबर वर-खाली होते, खुंटा होत नाही, म्हणून रिंगा फाटतात. ताडपत्री होडीलाच बांधायची. होडी बांधायचं चऱ्हाट वेगळं, आणि ते ताडपत्रीखालून मोकळं निघालं पाहिजे.

नायलॉनची दोरी भिजली की ताणते आणि ताडपत्री फडफडू लागते. रिंग आणि दोरी यांच्यात ट्यूबची वीतभर पट्टी घाला. झटका रबर घेतं, रिंग वाचते.

रंग फिकट घ्या. उन्हातल्या यूव्ही किरणांना न टिकणारी पातळ ताडपत्री आपल्या उन्हात कडक होऊन घडीवर चिरते.

चारी बाजूंनी हवाबंद करू नका. तळातलं पाणी वाफ होऊन आतच राहतं, फळ्यांना बुरशी येते. पुढे-मागे आढ्याखाली हातभर फट ठेवा, तिला जाळी लावा, नाहीतर गांधीलमाश्या घर करतात.

काठावर ओढलेल्या होडीचं तळाचं बूच काढून ठेवतात, ती सवय पाण्यातल्या होडीला लावू नका. पेट्रोलची टाकी ताडपत्रीखाली ठेवू नका. आणि होडी उघडल्यावर इंजिनची दोरी ओढण्याआधी ताडपत्री पूर्ण बाजूला करून दहा मिनिटं वारा लागू द्या, कारण पेट्रोलची वाफ जड असते, ती तळाशीच साचते.