कापड कसलं आहे ते घरच्या घरी कसं ओळखायचं

मागच्या महिन्यात गोधडीसाठी आजीची ट्रंक उघडली तर सात साड्या निघाल्या आणि त्यातली एक डाळिंबी रंगाची इतकी मऊ आणि चमकदार की घरात सगळे म्हणाले हे शुद्ध रेशीमच. मला खात्री वाटेना, कारण हाताला विस्कोसही (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा, म्हणजे रेयॉन) रेशमासारखं गार आणि सुळसुळीत लागतं, आणि हल्लीचं पॉलिएस्टर पण चांगलंच फसवतं. म्हणून नुसतं चोळून कधीच ठरवू नका, धागा काढून जाळून बघा.

धागा काढताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा असे दोन धागे असतात आणि ते एकाच जातीचे असतील असं अजिबात नाही. पदराच्या दशा ओढून बघतात ना, तो फक्त ताणा असतो, बाणा त्यात येतच नाही! बाणा हवा असेल तर साडीच्या आतल्या टोकाला, जे आपण कंबरेला खोचतो तिथे, सुईने आडवे दोन-चार धागे सोडवून घ्यायचे. ड्रेसच्या कापडाला शिलाईच्या आतलं जास्तीचं कापड असतं, तिथून दोन्ही बाजूंचे काढा. काठापदरातली जरीची चमकदार तार काढायची नाही, ती वेगळीच वस्तू.

आता जाळायचं. स्टीलची ताटली, चिमटा, बाजूला पाण्याचा तांब्या, केस बांधलेले, ओढणी खोचलेली, पंखा बंद, मुलं लांब. नायलॉनचा गाऊन घालून तर मुळीच करू नका. चार-पाच धागे एकत्र पिळून चिमट्यात धरा आणि पेटती काडी हळूहळू जवळ न्या.

सुती धागा भरकन पेटतो, कागद जळल्याचा वास येतो, ज्योत विझली तरी टोक थोडा वेळ निखाऱ्यासारखं लाल राहतं आणि मागे हलकी करडी राख पडते. रेशीम आणि लोकर हळू जळतात, काडी लांब नेली की बहुतेक वेळा आपोआप विझतात, वास थेट जळलेल्या केसांचा, आणि टोकाला जो काळा मणी होतो तो गार झाल्यावर बोटात चुरडतो. पॉलिएस्टर आणि नायलॉन ज्योतीपासून आक्रसतात, वितळतात, आणि गार झाल्यावर कडक गोळी राहते जी नखाने पण फुटत नाही. पॉलिएस्टरचा धूर काळा असतो. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो, म्हणून हात धाग्याखाली नकोच. टेरीकॉटसारखं सूत-पॉलिएस्टरचं मिक्स असेल तर पेटतं सुतासारखं पण राखेत कडक खडे लागतात.

माझ्या डाळिंबी साडीच्या ताण्याला केसांचा वास आला, सगळे खूश झाले, आणि मग बाणा जाळला तर कागदाचा वास! म्हणजे अर्धीच रेशमी.

पण कागदाचा वास सुतालाही येतो आणि विस्कोसलाही, मग ते वेगळं कसं करायचं? वीतभर धागा घ्या, मधोमध ओलं बोट लावून भिजवा आणि दोन्ही टोकं ओढा. विस्कोस ओलं झालं की कमजोर होतं, बरोबर भिजलेल्या जागीच पटकन तुटतं. सूत ओलं झाल्यावर उलट मजबूत होतं, ते कोरड्या भागात तुटतं. माझा बाणा ओल्या जागीच तुटला. ही परीक्षा मला सगळ्यात आवडते, आग नाही काही नाही, आणि उत्तर हातात.

काडी लावायची भीती वाटत असेल तर काचेच्या वाटीत साधं कपड्याचं ब्लीच घ्या आणि त्यात धागा टाकून ठेवा. रेशीम, लोकर हळूहळू विरघळतात, सूत आणि पॉलिएस्टर तसेच राहतात. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही ॲसिड कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. खिडकी उघडी ठेवा.

नवीन साडी घेताना धागा जाळायला कोण देणार, तिथे सिल्क मार्कचं लेबल बघा, केंद्रीय रेशीम मंडळाने ते शुद्ध रेशमासाठीच आणलंय.

आणि ओळखलं की लगेच लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी परत तेच. मी प्रत्येक साडीच्या आतल्या टोकाला कागदाची चिठ्ठी दोऱ्याने टाचली. डाळिंबीवर लिहिलंय : ताणा रेशीम, बाणा विस्कोस, पिळायची नाही, ब्लीच नाही, इस्त्री कमी गरम. ती गोधडीत नाही घातली. चार सुती साड्या गेल्या गोधडीत.