नवी हायब्रिड की जुनी पेट्रोल गाडी? हिशेब लिटरमध्ये मांडा

गाडी ठरवताना ॲव्हरेजला जरुरीपेक्षा जास्त भाव मिळतो. पेट्रोलचा खर्च दर आठवड्याला पंपावर डोळ्यांसमोर होतो, म्हणून तो टोचतो. घसारा, म्हणजे गाडीच्या किमतीत होणारी घट, मात्र गाडी विकायला काढेपर्यंत कुणाला दिसत नाही, आणि नव्या गाडीत पहिली पाच-सहा वर्षं सगळ्यात मोठा खर्च बहुधा तोच असतो. हायब्रिड (पेट्रोल इंजिनसोबत विजेची मोटर आणि बॅटरी असलेली गाडी) पेट्रोल वाचवते यात वाद नाही. वाचलेलं पेट्रोल त्या घसाऱ्याला पुरून उरतं का, एवढंच बघायचं, आणि ते तुमच्या रनिंगवर ठरतं.

रनिंग आणि खरं ॲव्हरेज

दोन आकडे हवेत: वर्षाला किती किलोमीटर, आणि त्यातले शहरातले किती. अंदाजाने सांगू नका. सर्व्हिसिंगच्या कोणत्याही दोन बिलांवर तारीख आणि मीटर रीडिंग असतं, त्यावरून वर्षाचं रनिंग निघतं. तोंडी सांगितलेला आकडा बऱ्याचदा फुगलेला असतो.

ॲव्हरेज काढताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा आणि ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच भरा, आणि झालेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागा. एका टाकीवर विसंबू नका, कारण नोझल लवकर किंवा उशिरा बंद झालं की एक-दोन लिटर इकडेतिकडे होतात. सलग तीन टाक्यांची बेरीज घ्या. डॅशबोर्डवरचा आकडा सहसा थोडा खुशामतखोर असतो.

नव्या हायब्रिडची टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रोजच्या रस्त्यावर, एसी लावून, निदान २०-२५ किमीची घ्या. निघताना आणि परत येताना बॅटरीची पातळी सारखीच आहे ना, हे बघा. पूर्ण चार्ज केलेली गाडी हातात दिली तर पहिले काही किलोमीटर जवळपास फुकट होतात आणि आकडा उगाच झकास दिसतो.

आणखी एक गफलत होते. किमी प्रति लिटर हा आकडा बचतीबद्दल फसवतो. १० वरून १५ वर गेलात तर १०,००० किमीमागे ३३३ लिटर वाचतात. २० वरून २५ वर गेलात तर फक्त १००. दोन्हीकडे फरक पाचचाच. म्हणून तुलना करताना प्रत्येक गाडीला १०,००० किमीला किती लिटर लागतील ते काढा आणि मग वजाबाकी करा. जिची तुलना चालली आहे ती जुनी गाडी मुळात छोटी आणि कमी पिणारी असेल, तर हायब्रिडला वाचवायला फारसं उरतच नाही.

हिशेब

दोन्ही गाड्यांच्या किमतींना एका लिटर पेट्रोलच्या आजच्या भावाने भागा. सगळा खर्च लिटरमध्ये आला की हप्ता, विमा, दुरुस्ती आणि इंधन एकाच मापाने मोजता येतात. खालचे आकडे केवळ पद्धत दाखवायला गृहीत धरले आहेत, तिथे तुमचे घाला.

समजा नवी हायब्रिड १२,००० लिटरची आहे आणि सात-आठ वर्षांची पेट्रोल गाडी ४,००० लिटरची. दोन्ही सहा वर्षं वापरायच्या. सहा वर्षांनी हायब्रिड ४५ टक्क्यांना विकली तर ५,४०० परत येतात, म्हणजे घसारा ६,६००. जुनीचे १,२०० आले तर तिचा घसारा २,८००. हायब्रिड इथे ३,८०० लिटरने मागे.

जुनीला दुरुस्तीपोटी वर्षाला ४०० लिटर जास्त लागतील असं धरा. सहा वर्षांचे २,४०० झाले, आणि तूट १,४०० वर आली. नव्या गाडीचा विमा वर्षाला १५० ने जास्त, म्हणजे आणखी ९००. एकूण तूट २,३००, वर्षाला साधारण ३८३ लिटर. आता ही तूट पेट्रोलमधून भरून काढायची.

जुनी १४ चं आणि हायब्रिड २३ चं ॲव्हरेज देत असेल, तर १०,००० किमीला ७१४ आणि ४३५ लिटर लागतात. वाचले २८०, म्हणजे हजार किलोमीटरमागे २८. ३८३ ला २८ ने भागा: वर्षाला सुमारे १३,७०० किमीच्या वर गेलात तर हायब्रिड फायद्यात.

यात व्याज धरलेलं नाही. किमतीतल्या फरकाचे ८,००० लिटर साधारण ७ टक्क्यांनी सहा वर्षांच्या कर्जावर घेतले, तर व्याजाचेच वर्षाला ३०० च्या आसपास होतात. तूट ६८३ वर जाते आणि तीच रेषा २४,००० किमीच्या पुढे सरकते. रोख पैसे भरलेत तरी ठेवीवरचं व्याज बुडतं, फक्त ते कुणी बिलात लिहून देत नाही.

घरात आधीपासून चालती गाडी असेल आणि ती बदलून हायब्रिड घ्यायचा विचार असेल, तर ही रेषा आणखी वर जाते. जुन्या गाडीचा बराचसा घसारा होऊन गेलेला असतो.

आमचं मत विचाराल तर वर्षाला १०,००० किमीच्या आत रनिंग असेल, तर केवळ पैशासाठी नवी हायब्रिड घेऊ नका. शांत चालते, ट्रॅफिकमध्ये पाय दुखत नाहीत, नवी गाडी हवीच आहे, या कारणांसाठी खुशाल घ्या. पण मग ती हौस आहे, बचत नाही.

हायब्रिड कुठे वाचवते

फुल हायब्रिड (जिची मोटर एकटीही गाडी ओढू शकते) तीन ठिकाणी पेट्रोल वाचवते: ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा मोटर जनरेटर बनून बॅटरीत परत टाकते, सिग्नलला आणि रांगेत इंजिन बंद राहतं, आणि बऱ्याच मॉडेलांत ॲटकिन्सन सायकलवर चालणारं काटकसरी इंजिन असतं. त्यातले पहिले दोन फायदे थांबा-चाला रस्त्यावरचे. एकसारख्या वेगाने हायवेवर जाताना ब्रेकच लागत नाही, तर परत काय मिळवणार? रोजचा प्रवास तीन-चार किलोमीटरचा आणि हवा थंड असेल तरीही बचत आखडते, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) तापवायला इंजिनला चालावंच लागतं.

नावांना भुलू नका. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी, बहुधा ४८ व्होल्टची मोटर इंजिनला हातभार लावते. ती एकटी गाडी ओढत नाही आणि बचत थोडकीच होते. तिच्यासाठी वरचा २३ चा आकडा धरू नका. प्लग-इन हायब्रिड (बाहेरून प्लग लावून चार्ज करायची) रोज रात्री चार्ज होणार असेल तरच घ्या, नाहीतर तिची जड बॅटरी म्हणजे डिकीत कायमचं बसलेलं एक जादा माणूस. सही करण्याआधी स्पेअर चाक आहे का, डिकी किती उरली आहे आणि ट्रेलर ओढायची परवानगी आहे का, हेही बघा. या तीन गोष्टी बहुतेकांना डिलिव्हरीनंतर कळतात.

जुनी गाडी तपासताना

फार नवी जुनी गाडी घेण्यात अर्थ नाही, कारण दोन-तीन वर्षांच्या गाडीचा भाव नव्याच्या जवळ असतो. पंधरा वर्षांपुढच्या गाडीत रबर, वायरिंग आणि गंज एकदमच डोकं वर काढतात. पाच ते नऊ वर्षं हा पट्टा बरा. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) नसलेली गाडी स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

गाडी थंड असताना बघायला जा आणि पोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम लागलं तर कुणीतरी आधीच स्टार्ट करून ठेवली आहे, कारण विचारा. पहिल्या स्टार्टला सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंड हवेत पांढरी वाफ दोन-चार मिनिटांत विरली तर ठीक. ती टिकली आणि वास गोडसर आला, तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिन आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेल्याचा संशय. ऑइलच्या झाकणाखाली फिकट चिकट फेस असेल तर तो संशय वाढतो, पण फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो दमटपणानेही येतो. त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका, कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या. सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर व्यवहार थांबवा.

इंजिनला टायमिंग चेन आहे की बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारी साखळी किंवा पट्टा), हे जाण्यापूर्वीच माहीत करून घ्या. बेल्ट असेल आणि बदलल्याचं बिल नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा आणि वॉटर पंपासकट तो खर्च किमतीतून वजा करा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड खोलावं लागतं.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. कोड नाहीत म्हणजे सगळं छान, असं नसतं. 'रेडीनेस' पानावर बहुतेक तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरीची वायर काढली होती. ५०-१०० किमी चालवून पुन्हा बघू द्या म्हणा. विकणारा तयार झाला नाही तर उत्तर मिळालं.

मीटर मागे फिरवलेलं ओळखायला पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई आणि ड्रायव्हर सीटची कड बघा. टायरवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ३०,००० किमी दाखवणाऱ्या सात वर्षांच्या गाडीवर नवे कोरे चार टायर कशाला, हा प्रश्न विचारायचाच. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १६० मायक्रॉन जाडीचा असतो. मापकावर एखाद्या पॅनेलचा आकडा त्याच्या दुप्पट-तिप्पट आला तर ते पुन्हा रंगवलेलं आहे किंवा खाली पुट्टी आहे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसली की ती गाडी पाण्यात बुडालेली आहे.

चालवताना क्लच चढावर तपासा. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच प्लेट संपली. ऑटोमॅटिक असेल तर रांगेत चालल्यासारखी अगदी हळू चालवा. ड्युअल क्लचचा (दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा) थरकाप तिथेच कळतो.

तिसरा पर्याय: जुनी हायब्रिड

पहिली मोठ्या प्रमाणावर बनलेली हायब्रिड, टोयोटा प्रियस, जपानमध्ये १९९७ साली विक्रीला आली. म्हणजे या गाड्या म्हाताऱ्या कशा होतात हे आता पुरेसं ठाऊक आहे. टोयोटाच्या पद्धतीत नेहमीचा क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. बिघडणारे भाग तेवढे कमी. ब्रेक पॅड खूप टिकतात, मात्र ब्रेक कमी वापरले जातात म्हणून डिस्क गंजते आणि कॅलिपरच्या पिना आखडतात. वर्षातून एकदा त्या खोलून ग्रीस करून घ्या.

मोठ्या बॅटरीची भीती गरजेपेक्षा जास्त आहे, पण तपासणी टाळायची नाही. तिला मारते ती उष्णता. थंड हवेची जाळी अनेक मॉडेलांत मागच्या सीटजवळ असते. ती धूळ आणि केसांनी तुंबली की बॅटरी तापत राहते. जाळी उघडून बघा. चालवताना बॅटरीची पातळी झपाट्याने भरत-उतरत असेल आणि पंखा सतत घोंघावत असेल, तर सेल थकलेत. प्रियससारख्या गाडीत स्कॅनरवर बॅटरीच्या प्रत्येक ब्लॉकचा (सेलांच्या गटाचा) व्होल्टेज दिसतो. जोर लावल्यावर एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा सातत्याने १ व्होल्टच्या आसपास खाली जात असेल तर किंमत नव्या बॅटरीचा खर्च धरून बोला. 'पी-०-ए-८०' हा कोड त्याच आजाराचा. एकच मॉड्यूल (बॅटरीचा सुटा भाग) बदलून 'रिपेअर' केलेला पॅक नको. बाकीची मॉड्यूलं तेवढ्याच वयाची असतात आणि काही महिन्यांत पुढचं बसतं. अनेक कंपन्या या बॅटरीवर ८ वर्षांची किंवा सुमारे १,६०,००० किमीची हमी देतात. किती उरली आहे आणि ती नव्या मालकाकडे जाते का, हे लेखी घ्या.

मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलना स्वतः हात लावू नका. त्यातला दाब २०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असू शकतो. आणि हायब्रिड महिनाभर उभी राहिल्यावर सुरू झाली नाही, तर आधी छोटी १२ व्होल्टची बॅटरी तपासा. गाडी 'मेली' म्हणून टो करून नेली आणि दोष एवढाच निघाला, असं पुष्कळदा होतं.

प्रदूषणाचा मुद्दा

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हजार किलोमीटरमागे २८ लिटर वाचले तर ६४ किलो. नवी गाडी बनवताना काही टन बाहेर पडतात. ६ टन धरले तर ते भरून यायला ९०,००० किमीहून जास्त लागतील. कमी फिरणाऱ्याने चालती गाडी चालवत राहणं इथेही वाईट नाही.

जुनी घेतलीत तर

किमतीच्या १०-१५ टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा आणि मगच बोली लावा. पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड बदला. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, उतारावर सतत ब्रेक लागले की ते पाणी उकळतं आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. स्पार्क प्लग काढाल तेव्हा कोणत्या सिलिंडरचा कोणता, ते ओळीने मांडून ठेवा. एकाच प्लगवर काळं तेलकट आवरण असेल तर दोष त्या सिलिंडरचा. १,००० किमी झाल्यावर सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. अर्ध्या लिटरहून जास्त ऑइल कमी झालं असेल आणि कुठे गळती दिसत नसेल, तर पिस्टन रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजले आहेत. ते नुसतं वरून भरत राहिलात तर काही काळाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बदलावा लागेल.