आईचा फोन जिन्यात जाऊन घेऊ नका

२००९ साली परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलो आणि सकाळी ठाण्याला उतरलो. तेव्हापासून नोकरी नवी मुंबईत, ऐरोलीतच. आपल्याकडची पोरंपोरी दरवर्षी ट्रान्स-हार्बर लोकलनं ऐरोली, रबाळे, घणसोलीला उतरून कामाला लागतात आणि महिनाभरात विचारतात, "दादा, इथं आपल्यासारखं वागायचं की त्यांच्यासारखं?"

आधी बोलीचं सांगतो, कारण जीव सगळ्यात जास्त तिथंच कोंडतो. पहिल्याच आठवड्यात मी आईला फोनवर "जेवायलोय, मग करतो" म्हणालो आणि शेजारच्या टेबलावर खसखस पिकली. पुढचे दोन महिने आईचा फोन मी जिन्यात जाऊन घेतला. त्याचं मला आजही वाईट वाटतं. अरे, ही गावठाणं मूळची आगरी-कोळ्यांची. कोपरखैरण्यात माथाडींच्या घरांतून साताऱ्याकडचा हेल ऐकू येतो. इथं प्रत्येकाची बोली कुठून तरी आलेली आहे. घरच्यांशी, मित्रांशी आपलंच बोला. मीटिंगमध्ये मात्र समोरच्याला कळेल असं, सावकाश बोला. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, मुद्दा पोचला पाहिजे. डब्यात ठेचा-भाकरी असेल तर खुशाल उघडा, दोन दिवसांत वाटेकरी होतील.

आयटीत मॅनेजरलाही नावानं हाक मारतात. जीभ वळत नसेल तर नाव घ्या, पण मराठीत "तुम्ही" ठेवा. एमआयडीसीतल्या कारखान्यांत "साहेब" अजून चालतं.

आता खरं दुखणं. मोठ्या माणसाला तोंडावर "नाही" म्हणायचं नसतं, हे आपल्या अंगात मुरलेलं. माझं काम मंगळवारी अडलं होतं. रोज सकाळी विचारलं की मी म्हणायचो, "होऊन जाईल." शुक्रवारी दुपारी चारला कबूल करावं लागलं. आमच्या टीममधल्या सीनियर ताई एवढंच म्हणाल्या, "मंगळवारी सांगितलं असतंस तर दोघांनी बसून केलं असतं." त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून मी असं सांगतो: "एवढं झालंय, इथं अडलंय, उद्यापर्यंत सुटलं नाही तर मदत लागेल." हे वाक्य पाठ करा. यात उद्धटपणा नाही, आणि मन मारणंही नाही.

घरच्या अडचणी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत बसू नका. वडिलांचं आजारपण असेल तर मॅनेजरला बाजूला घेऊन किती दिवस लागतील ते स्पष्ट सांगा.

आणि पोळा. आमच्या ऑफिसच्या कॅलेंडरात तो नसतो, तुमच्याही बहुतेक नसेल. पंधरा दिवस आधी रजा टाका. मी कितीतरी वर्षं कारणात "पर्सनल वर्क" लिहायचो. आता घरी एकच बैलजोडी उरली आहे, पण अर्जात "पोळा" असंच लिहितो. मागच्या वेळी मॅनेजरनं रजा मंजूर केली आणि खाली लिहिलं, फोटो पाठवा.