ट्रेकिया कुठे असते आणि हा शब्द कसा वापरायचा

"गळ्यात नळी टाकलीय," असं आयसीयूबाहेरून नातेवाईक फोनवर सांगत असतात. नर्स असल्याने हे वाक्य माझ्या कानावर सतत पडतं. कोणती नळी, कुठून कुठे, कशासाठी, यातलं काहीच त्यातून कळत नाही. पलीकडचा माणूस उगाच घाबरतो, नाहीतर नको तिथे निर्धास्त होतो. ट्रेकिया, म्हणजे श्वासनलिका, कुठे असते हे पक्कं कळलं की बराच गोंधळ मिटतो.

आधी ती बोटाने शोधा. गळ्याच्या पुढच्या बाजूला कंठमणी लागेल. आवंढा गिळा, तो वर सरकेल. हा स्वरयंत्राचा भाग, ट्रेकिया नव्हे. त्याच्या जरा खाली एक टणक कडं लागतं, तेही स्वरयंत्राचंच. ट्रेकिया सुरू होते त्याच्या खाली. बोट हलकेच खाली न्या, दोन हासळ्यांमधल्या (गळ्याखालच्या दोन आडव्या हाडांमधल्या) खळग्यापर्यंत ती हाताला लागते. पुढे छातीच्या हाडामागे जाते. दाबू मात्र नका, लगेच खोकला येतो. मोठ्या माणसात तिची लांबी साधारण 10 ते 12 सेंटीमीटर असते. भिंतीत 16 ते 20 कूर्चेची कडी असतात, म्हणून ती श्वास घेताना मिटत नाही. ही कडी मागच्या बाजूला उघडी असतात. तिथे मऊ स्नायू असतो आणि त्याला चिकटूनच मागे अन्ननलिका.

छातीत गेल्यावर तिचे दोन फाटे होतात, त्यांना श्वसनी म्हणतात. हे फाटे म्हणजे ट्रेकिया नव्हे. त्यामुळे ब्राँकायटिसला (श्वसनींच्या सुजेला) ट्रेकियाचा आजार म्हणू नये. ट्रेकियाला सूज आली तर तो ट्रेकिआयटिस. (जीवशास्त्राच्या पुस्तकात कीटकांच्या ट्रेकिया भेटतील. त्या अंगभर पसरलेल्या बारीक हवानळ्या असतात, त्यांचा गळ्याशी संबंध नाही.)

आता त्या नळीकडे येऊ. नाकातून घातलेली बारीक नळी बहुधा रायल्स ट्यूब असते. ती अन्ननलिकेतून पोटात जाते, ट्रेकियात नाही. तिच्यातून पातळ अन्न आणि औषधं देतात. तोंडातून घातलेली आणि व्हेंटिलेटरला जोडलेली ती ईटी (एंडोट्रेकियल, म्हणजे श्वासनलिकेच्या आतली) ट्यूब. ती स्वरतंतूंमधून ट्रेकियात उतरते. आणि गळ्यावर पुढून छोटं छिद्र करून थेट ट्रेकियात नळी बसवली असेल तर ती ट्रॅकिओस्टॉमी. घरी सांगताना एवढंच म्हणा: "पोटात जाणारी नळी आहे", "तोंडातून श्वासनलिकेत नळी आहे" किंवा "गळ्यावरून श्वासनलिकेत नळी आहे".

ट्रॅकिओस्टॉमीबद्दल मला थोडं जास्त सांगायचंय, कारण तिची धास्ती फार असते. रुग्ण बोलत नाही म्हणून वाचा गेली असं घरचे धरून चालतात. हवा स्वरतंतूंच्या खालूनच ये-जा करते, म्हणून आवाज निघत नाही. स्वरतंतू जागेवरच असतात, आणि योग्य रुग्णाला खास झडप लावून बोलताही येतं. हवा नाकातून जात नसल्याने तिला नाकातला ओलावा मिळत नाही, कफ घट्ट होतो. म्हणूनच आम्ही सक्शन करतो, म्हणजे बारीक नळीने कफ ओढून काढतो, आणि हवा ओलसर ठेवतो. रुग्णाला त्या वेळी जोराचा खोकला येतो. बघवत नाही, पण ते करावंच लागतं.

छातीच्या एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये "ट्रेकिया सेंट्रल" लिहिलं असेल तर ती मधोमध आहे. "शिफ्टेड" असेल तर ती एका बाजूला सरकली आहे. फुप्फुसाचा भाग आक्रसला की ती त्या बाजूला ओढली जाते; छातीत खूप पाणी किंवा हवा साठली की विरुद्ध बाजूला ढकलली जाते. किंचित उजवीकडे असणं मात्र सामान्य असू शकतं आणि एक्स-रे काढताना अंग वळलं तरी तसं दिसतं. एका शब्दावरून निष्कर्ष काढू नका, डॉक्टरांना विचारा.

शेवटचा वापर घाईच्या वेळचा. "घास अडकला" म्हणताना माणूस बोलतोय का, ते आधी बघा. बोलता येतंय, श्वास चालू आहे, पण गिळता येत नाही, तर घास बहुधा अन्ननलिकेत आहे, दवाखान्यात न्या. जोरात खोकत असेल तर खोकू द्या. बोलता, खोकता, श्वास घेता येत नसेल तर श्वासमार्ग बंद झालाय. कुणाला तरी तातडीची मदत बोलवायला सांगा आणि स्वतः त्याला पुढे वाकवून पाठीवर खांद्यांच्या मधे 5 जोरदार थापा द्या. मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर 5 वेळा आत-वर झटका द्या. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने चालू ठेवा. एक वर्षाखालच्या बाळाचं पोट कधीही दाबू नका, तिथे थापांनंतर छातीवर दाब देतात. माणूस बेशुद्ध पडला तर सीपीआर (छाती दाबून करायचा प्रथमोपचार) सुरू करा.

मुलाला ठसका लागून गेला आणि नंतर खोकला किंवा शिट्टीसारखा आवाज राहिला, तर ते बरं झालं असं समजू नका. शेंगदाण्यासारखी वस्तू ट्रेकिया ओलांडून श्वसनीत, बहुतेकदा उजव्या, कारण ती रुंद आणि जास्त सरळ असते, जाऊन बसलेली असू शकते. डॉक्टरांना "खोकला आहे" एवढंच न सांगता "खाताना ठसका लागला, तेव्हापासून खोकला आहे" असं सांगा.